बिनतिखटाचे डोहाळे

आमच्या मोठ्या साडूंइतका तिखट माणूस वऱ्हाडात दुसरा निघाला, तर मी अमरावतीतलं घर विकून पुण्याला राहायला जाईन. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही. अकोल्याजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे आणि सदऱ्याच्या खिशात कायम तिखटाची डबी. चांदूर बाजारला एका लग्नात ती त्यांनी वरणावर, भाजीवर, बघता बघता मठ्ठ्यातही रिकामी केली. हर्नियाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात मुगाची खिचडी आली, तर नर्सला म्हणाले, "बाई, म्या तुमचं काय वाकडं केलं?" घरात मटण मात्र तेच करणार. मसाला भाजायला घेतला की अख्खी गल्ली खोकते, आणि रश्श्यावर बोटभर लाल तर्री आल्याशिवाय झाकणाला हात लावायची कोणाची टाप नाही.

अशा माणसाची एकुलती एक लेक नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. साडू दोन वर्षं फोनवर तिच्याशी फक्त पावसापाण्याचं बोलले. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, हा हट्ट त्यांचाच. सहाव्या महिन्यात ती आली. आईनं डोहाळे विचारले, तर लाजत म्हणाली, "स्ट्यू खावा वाटते. आमच्या घरी दर रविवारी असते." म्हणजे कोकराचं मटण, बटाटे, कांदे, गाजर, मीठ, मिरपूड, मंद आचेवर दोन तास. बस.

"आन् तिखट?" साडूंनी विचारलं.

"नाही, बाबा."

"काहून? तिकडं पिकत नाही काय?"

हसले, पण त्यांना लागलं होतं. मला अंगणात नेऊन म्हणाले, "साडभाऊ, पोरगी माहेरी आली आन् डोहाळे तिकडचे घेऊन आली. मंग मी कोन?" तरी डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात अशी आमच्याकडची समजूत, त्यामुळे मूर्तिजापूरच्या बाजारातून कोवळं मटण आलं. सगळं बरोबर शिजलं आणि उतरवताना साडूंच्या हातानं आपसूक लसणाची फोडणी दिली. पुढच्या रविवारी झाकण काढलं, तर आत लालभडक! "हात डबीकडंच वयला, बाप्पा! मी काय करू?" पोरगी दोन्ही वेळा हसत जेवायला बसली आणि दोन्ही वेळा अर्धं ताट तसंच राहिलं. ते अर्धं ताट साडूंना फार झोंबलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "म्या मांगतली तरी देऊ नोका." मग दोन तास चुलीपुढे हाताची घडी घालून बसले, परीक्षेला बसल्यासारखे. पोरीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबा, अगदी घरच्यासारखं झालं!"

साडूंनी थोडा वेळ पातेल्यात पाहिलं. मग डाव भरून म्हणाले, "घे बाई, अजून घे."

नात झाली. कान ठणठणीत, रडणं आजोबांसारखं. सहा महिन्यांची झाल्यावर मायलेकी परत गेल्या.

परवा रविवारी मी अकोल्याला गेलो होतो. त्यांनी मागितलीच नाही म्हणून माझ्याकडेच राहिलेली डबी परत द्यायला खिशात घेतली होती. पानात तोच फिका स्ट्यू! मला वाईट वाटलं, खरंच. मेहुणीनं नवऱ्यासाठी वाटीत तर्री आणली, तर साडूंनी पानावर हात आडवा धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "आज आयतवार हाये. पोरगी हेच जेवत असन."