शबाना आज बी बेंचवरच

मंडळी, दिग्रसहून आत्ताच घरी आलो. मॅच जिंकलो, पण अभिनंदन लिहू नका.

शाळेचे सर ट्रेनिंगले गेलते, म्हणून पोरींची बास्केटबॉल टीम आज माह्या हवाली होती. मी काही कोच नाही, शाळेत असतानी खेळलो तेवढंच, अन सध्या रिकामा. पांढरकवड्याले ट्रकवर होतो, ते सोडलं, मग मोबाइलच्या दुकानात लागलो, ते बी... जाऊ द्या. सकाळी बसमध्ये मी कबूल केलतं, आज सगळ्या पोरी खेळतीन.

शबाना वर्षभर बेंचवरच बसते. आज तिचे अब्बा गॅरेज बंद करून तिले पाहाले आलते. हाफटाइमले आम्ही चार पॉइंट मागं होतो. तेवढ्यात आमच्या सगळ्यात भारी पोरीचा, पूजाचा, बूट फाटला. दोघींच्या बुटाचा नंबर एकच. मी शबानाले म्हटलं, "तुहे बूट दे तिले, पाचच मिनिटं."

तिनं बूट काढून देले. पूजानं धडाधड बास्केट टाकले, अन मले ते पाच मिनिटं संपवावेच वाटले नाही. शबाना शेवटपर्यंत नुसत्या मोज्यांवर बसून टाळ्या वाजवत होती.

मॅच झाल्यावर अब्बा उठले. तिले म्हणे, "चल बेटा, गॅरेज खोलायचं हाय."

बूट घालता घालता शबानानं विचारलं, "दादा, परवा यवतमाळले मी येऊ, का नुसते बूट पाठवू?"

परवा यवतमाळले पुढची मॅच, तवाबी टीम माह्याच हवाली, अन हारलो तं टीम बाहेर. मी तिले पुन्हा बसवूनच ठेवीन, हे मले आजच माहीत हाय. तुम्ही असते तं तिले काय सांगतलं असतं?