मागच्या दाराचं वाक्य

दिराला प्रवासाचा सल्ला द्यायची वेळ आली, तेव्हा वहिनीकडे चार मोठी शहरं तयार होती. चारही शहरांतल्या हॉटेलांचे संडास तिने धुतले होते.

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. मुलीला बहिणीकडे ठेवून वहिनी साफसफाईच्या एका कंपनीबरोबर परदेशी गेली. कंपनी हॉटेलांना माणसं पुरवायची. हंगाम बदलला की शहर बदलायचं. आधी बंदराचं शहर, मग राजधानी, मग नदीकाठचं, आणि थंडीत डोंगरावरचं. तिथल्या लोकांना तिचं नाव काही केल्या उच्चारता येईना. ती गणवेशावरून शाल गुंडाळायची, म्हणून त्यांच्या भाषेत तिचं नाव शालवाली पडलं. इकडे दीर चारचौघांत सांगायचा की वहिनी बहिणीकडे असते, हवापालटाला. मुलीचं लग्न झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती परत आली आणि दोन खोल्या घेऊन राहू लागली.

मग पुतण्याच्या लग्नाची बोलणी निघाली. नवरीचे वडील त्याच परदेशात बरीच वर्षं नोकरी करून आलेले. तिथली भाषा त्यांना घरच्यासारखी यायची. दिराच्या बैठकीच्या खोलीत वहिनी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यापुढे वाकली. कप उचलता उचलता त्यांनी वर पाहिलं.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी. राजधानीत, स्टेशनसमोरच्या हॉटेलात? अंगावर शाल असायची?"

वहिनी उत्तर देणार तोच दीर हसला. "छे हो. ही आमच्याकडे कामाला असते."

ट्रे हलला नाही. कपांतला चहासुद्धा हलला नाही. ती तशीच पुढच्या माणसापुढे वाकली.

लग्नाला तिला नेलं नाही. "या खेपेला नको, वहिनी," दीर दारातच उभा राहून म्हणाला. "उगाच प्रश्न निघतील." त्या पुतण्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. लग्नाच्या दिवशी तिने घरातली सगळी भांडी काढून घासली. मग घासलेली पुन्हा घासली.

सून घरात आली आणि खरं काय ते तिला लवकरच कळलं. तिच्याकडून ते व्याह्यांच्या कानावर गेलं. तेव्हा दिराने दुसरी मखलाशी केली. "गंमत केली होती हो त्या दिवशी. वहिनी तिथं हॉटेलच्या ऑफिसात होती. मोठ्या हुद्द्यावर." व्याही सभ्य माणूस. त्यांनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

वहिनीला ही दुसरी थाप पहिलीपेक्षा जास्त झोंबली. पहिल्या थापेने तिचं घरातलं नातं गेलं होतं. या थापेने तिच्या हातांचं कामच पुसून टाकलं. वाकलेली कंबर, ब्लीचने सोललेली बोटं, फरशीवर टेकलेले गुडघे, सगळं. तिला आता एकच हवं होतं. त्याच माणसाने, त्याच तोंडाने, व्याह्यांसमोर म्हणावं की ही माझी वहिनी आणि हिने हे काम केलं. माफी तिला नको होती. माफी मागणारा माणूस वर मोठा होऊन बसतो. तिला तो बारीक झालेला हवा होता. हा विचार तिने चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपला, आणि वर्षभर त्याच्यावर हात शेकले.

आणि मग पुतण्याने आईवडिलांना तिकिटं काढून दिली. तोच देश, तीच चार शहरं.

जाऊ वहिनीकडे आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "हे येत नाहीत म्हणतात, ताई. यांचा तो त्रास तुम्हाला ठाऊक आहेच."

ठाऊक होता. दिराला तासातासाला लघवीला जावं लागायचं. कुठंही गेला तरी आधी दार पाहायचा, मग खुर्ची.

"मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळं दिसतं. हे म्हणतात, मोबाइलवर दिसेपर्यंत धीर निघायला हवा ना. तुम्ही राहिलाय तिथं. काहीतरी सांगा."

वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं. राखेखाली काहीतरी लाल झालं. "भावजींना सांग, वहिनी येतेय म्हणावं. तोंडी शिकवावं लागेल."

दिराच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने शिकवलं. सुरुवातीला सगळे सल्ले खरे आणि कामाचे होते. राहत्या हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा, चुकलात तर टॅक्सीवाल्यापुढे धरा. नवे बूट घालून जाऊ नका, तिथले रस्ते दगडी आहेत. बंदराच्या शहरात मोठ्या चौकात जेवू नका, एक गल्ली आत जा, निम्म्यात पोट भरेल. राजधानीत संग्रहालय दुपारी बघा, सकाळी शाळांच्या सहली असतात. डोंगरावरच्या शहरात ऊन बघून फसू नका, सावलीत गेलं की दात वाजतात.

दीर मान हलवत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण माझं काय?"

"तुमचंही सांगते. चारही शहरांत आमची हॉटेलं ऐन मध्यावर आहेत. पुढच्या दाराने गेलात तर दरवान हटकेल. मागच्या गल्लीत कामगारांचं दार असतं. तिथं माझ्याबरोबर काम केलेल्या बायका आहेत अजून. बंदरावर जाडी आहे, राजधानीत लिफ्टवाली. बाकीच्या दोन ठिकाणीही आहेत. घंटा वाजवायची आणि एक वाक्य म्हणायचं."

वाक्य तिने त्या देशाच्या भाषेत म्हणून दाखवलं. तिच्या तोंडी ते सफाईने आलं.

"अर्थ काय याचा?" दिराने विचारलं.

वहिनीने काहीही लपवलं नाही. "मी शालवालीचा दीर. ती इथले संडास धुवायची. मला आत येऊ द्या."

जाऊने हातातली वाटी खाली ठेवली. दिराच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"एवढं सगळं सांगायला हवं? नुसतं दीर म्हटलं तर?"

"शालवाल्या काय, खूप असतील. काम सांगितलं की माणूस पटतो."

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "असू दे. परक्या देशात आपल्याला ओळखतंय कोण? म्हणा पुन्हा."

त्याने वाक्य घोकलं. वहिनी समोर बसून दुरुस्त करत राहिली. "धुवायची या शब्दावर जोर द्या. नाही, गिळू नका. मोठ्याने म्हणा, भावजी. पुटपुटलेलं तिथं कळत नाही कोणाला." टेबलापलीकडे तो शाळेतल्या पोरासारखा म्हणत होता आणि तिला वाटत होतं, हे संपूच नये.

एक गोष्ट तिने सांगितली नाही. त्या देशाच्या प्रत्येक मोठ्या शहरात दर दुसऱ्या कोपऱ्यावर सरकारी शौचालय असतं. निळी पाटी, खाली उतरणारा जिना. नवख्याला वाटतं तळघरातलं गोदाम असेल. आत लख्ख, फुकट, आणि कोणी कोणाला तू कोणाचा म्हणून विचारत नाही.

पहिला फोन बंदराच्या शहरातून आला. जाऊ रडत होती. दिराला मागच्या गल्लीपर्यंत नेलं होतं तिने, पण दार जाडीने उघडलं आणि त्याचं तोंडच उघडेना. वळून पुढच्या दाराने गेला. दरवानाने अडवलं. आणि तिथंच, पायऱ्यांवर, लोकांदेखत.

"नवी पॅन्ट हो, ताई. फिकट रंगाची."

"कोट काढून कमरेला बांधायला सांग," वहिनी म्हणाली. "आणि उद्यापासून काळी पॅन्ट."

फोन ठेवून ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. निळ्या पाट्यांचं सांगायला एक फोन पुरेसा होता. तिने हात पुढे केला, फोनवरची धूळ पुसली आणि हात मागे घेतला. लाज कशी असते ते त्याला ठाऊक नव्हतं. आता होईल. तिला वाईट वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही वाईट वाटलं नाही. पोटात खोल, थंड, स्वच्छ असं काहीतरी पसरत गेलं, धुऊन काढलेल्या फरशीसारखं.

दुसरा फोन लिफ्टवालीचा. "तुझा दीर येऊन गेला. टोपी काढून म्हणाला."

"पूर्ण म्हणाला?"

"पूर्ण."

"मोठ्याने?"

"गल्लीतली कबुतरं उडाली बघ. दिवसातून तीनदा आला. तिसऱ्यांदा मी दार आधीच उघडून ठेवलं होतं, तरी बिचारा म्हणालाच."

"छान," वहिनी म्हणाली. "म्हणू दे."

नदीकाठच्या आणि डोंगरावरच्या शहरांतूनही तशाच बातम्या आल्या. वाक्य त्याच्या जिभेवर चांगलं बसलं होतं.

ते परत आले. वहिनीने सगळ्यांना आपल्या दोन खोल्यांत चहाला बोलावलं. दीर, जाऊ, सून आणि व्याही. सुनेला खास सांगितलं, "बाबांना आणच हो." दीर तिच्या घरी याआधी कधी उंबरठ्याच्या आत आला नव्हता. आज खुशीत होता. खुर्चीत रेलून व्याह्यांना सांगू लागला.

"वहिनीची ओळख म्हणजे काय विचारता. जाऊ तिथं मागचं दार उघडं. हुद्दाच तसा होता ना तिचा."

सून हसली. व्याह्यांनी मान डोलावली, त्या दिवशी डोलावली होती तशीच. वहिनीने सगळ्यांचे कप भरले. दिराला मोठा कप दिला. तो संपल्यावर आणखी अर्धा दिला.

गप्पा रंगल्या आणि दीर चुळबुळायला लागला. एक पाय दुसऱ्यावर, मग उलट. शेवटी उठला. स्वयंपाकघराशेजारी दोन दारं होती, दोन्ही बंद. वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"कुठलं, वहिनी?"

"सांगते ना. आधी ते वाक्य म्हणून दाखवा. तिथं म्हणायचात ते. सुनेला ऐकू दे, तुम्ही किती छान शिकलात."

"आता कशाला?"

"आता म्हणूनच."

त्याने व्याह्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग दारांकडे. घाई वाढत होती. परक्या भाषेला या खोलीत कान आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं, किंवा आलं तोवर फार उशीर झाला होता. महिनाभर दार दिसलं की जीभ आपोआप चालत होती. ती चालली. धुवायची या शब्दावर नेमका जोर पडला.

व्याह्यांचा कप बशीवर टेकला.

"बाबा, काय म्हणाले हे?" सुनेने विचारलं.

व्याह्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग ते हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी शालवालीचा दीर. ती इथले संडास धुवायची. मला आत येऊ द्या."

दीर दोन दारांसमोर उभा होता. त्याचे गुडघे एकमेकांना चिकटले होते.

"पण याची गरज काय होती?" व्याह्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. "तिथं तर कोपऱ्याकोपऱ्यावर सरकारी सोय असते. निळ्या पाट्या. खाली जिना असतो बघा."

"मी विचारलं होतं यांना," जाऊ हलकेच म्हणाली. "दोनदा. तो जिना कसला म्हणून."

सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळल्या. दिराचीही. त्या नजरेत जे होतं ते तिने नीट पाहून घेतलं. मोठ्या हुद्द्याचं त्यात काही नव्हतं.

"होत्या ना पाट्या," ती म्हणाली.

आणि तिने डावीकडचं दार उघडलं, दिवा लावला. "वरची कडी लावा, भावजी. खालची सैल आहे."

तो गेला. न जाऊन सांगतो कुणाला. आत फरशा चकचकत होत्या, सकाळी तिने गुडघे टेकून त्या घासल्या होत्या.

"स्टेशनसमोरचं ते हॉटेल," व्याही थोड्या वेळाने म्हणाले, "फार स्वच्छ असायचं."

"खालचे चार मजले माझे होते," वहिनी म्हणाली.

आतून पाण्याचा आवाज आला आणि थांबला. दार मात्र उघडलं नाही. वहिनीला घाई नव्हती. तिने सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा ओतला. दिराचाही कप भरला, आणि चहा निवू नये म्हणून झाकायची बशी तशीच बाजूला राहू दिली.