पाहुण्याचं तिसरं 'पुरे'

इटालियन भाषेतलं मला तेव्हा एकच क्रियापद यायचं, आणि तेही फक्त हुकूम सोडण्यापुरतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. मुकुंदवाडीत टँकर चार-चार दिवसांनी यायचा. आमच्या कारखान्यात मात्र इटलीहून नवंकोरं मशीन आलं, आणि ते बसवायला मार्को नावाचे साहेब. आमच्यातल्या एकाला ते शिकण्यासाठी इटलीला नेणार होते! मी तातडीनं त्यांना रविवारी जेवायला बोलावलं (एरवी मी कुणाला चहासुद्धा पाजत नाही) आणि एका पुस्तकातून 'मांजी' पाठ केलं.

"लेकराला 'मांजा', म्हणजे जेव. मोठ्या माणसाला 'मांजी', म्हणजे जेवा," मी आईला समजावलं.

"आन् 'पुरं'ला काय म्हनतेत?"

"बास्ता."

"ते नको शिकवू. पाव्हण्याचं पयलं 'पुरं' धरायचंच नसतंय!"

आमच्याकडं रीतच तशी. तिसरं 'पुरे' खरं, आधीची दोन लाजेची.

साहेबांनी येसराच्या आमटीत दोन भाकरी कुस्करून खाल्ल्या आणि म्हणाले, "बास्ता."

आईनं तिसरी वाढली. "मांजी!"

बिचारे मुकाट जेवले. आमटी झणझणीत! साहेब लालबुंद झाले, तांब्याभर पाणी प्याले. "बास्ता!"

"मांजी!" मी गरजलो. पुन्हा भाकरी, पुन्हा आमटी, पुन्हा तांब्या! तिसरं 'बास्ता' येईचना, कारण तोंडात घास होता.

"अहो, माठ खाली झालाय," माझी बायको कुजबुजली. "टँकर परवा येनार!"

"शेजारून आण!"

शेजारचा हंडाही आटला तेव्हा साहेबांनी दोन्ही हात जोडले. आईनं ते तिसरं 'पुरे' म्हणून धरलं.

सोमवारी साहेबांनी मला मशीनजवळ बोलावलं. एक हात पोटावर ठेवून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "असा पाहुणचार कुठंच झाला नाही. इटलीला येणार?"

मला नाचावंसं वाटलं! पण लगेच 'हो' म्हणणारा माणूस हावरा दिसतो. मी लाजून म्हणालो, "छे छे, राहू द्या, कशाला उगाच त्रास!" आणि आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.

"ओके," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आमच्यातल्याच साबळ्याचं नाव लिहून घेतलं.

"तिसऱ्यांदा 'नाय' कशाला म्हन्लास?" घरी आई कडाडली.

"आई, दुसऱ्यांदा विचारलंच नाही गं!"

मग मी पुस्तक उघडून मोठ्या माणसाला 'या' म्हणायचं असेल तर काय म्हणतात ते शोधलं. 'वेंगा'. निदान एकदा ते कानावर पडावं म्हणून मी अजूनही त्या मशीनभोवती घुटमळतो, आणि ते चालवणारा साबळे मला "सरक बाजूला" म्हणतो. तेवढं मात्र पहिल्याच सांगण्याला ऐकावं लागतं!