पाच नंबरच्या टेबलामागे

जज होण्याची परीक्षा मी दिली ती एका माणसावर उट्टं काढायला. लोकांना मी वेगळं सांगते. खेळाची आवड होती, मुलं कॉलेजला गेली, शनिवार रिकामे पडले, वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण तेवढ्यासाठी कुणी नियमांचं जाडजूड पुस्तक पाठ करत नाही. मी केलं. ऑफिसला जाताना सिग्नलला गाडी थांबली की दंडाच्या पायऱ्या मनातल्या मनात म्हणायचे. समज, ताकीद, गेम गेला, स्पर्धेबाहेर. शेवटच्या पायरीवर मी जरा रेंगाळायचे.

आमच्या अमेरिकेतल्या, हर्नडनच्या घरापासून दहा मिनिटांवर, नेल सलून आणि इंडियन ग्रोसरी यांच्या मधोमध, पत्त्यांच्या खेळाचं एक दुकान आहे. हे पत्ते म्हणजे आपले राजा-राणी-गुलाम नव्हेत. राक्षस, जादूगार, किल्ले असं काय काय छापलेले पत्ते, ज्याचे त्याने जमवलेले. साठ पत्त्यांचा आपला आपला डेक घेऊन दोघांनी समोरासमोर बसायचं. धाकट्याला सोडायला म्हणून मी तिथे जायला लागले. त्याचा नाद सुटला, माझा राहिला. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी स्पर्धा असते, आणि नियम सांभाळायला एक जज, म्हणजे पंच, असतो. वीस-पंचवीस जण येतात आणि त्यांत बाई म्हणजे कित्येक वर्षं मी एकटीच होते.

ज्याच्यावर उट्टं काढायचं होतं तो माणूसही तिथेच खेळायचा, माझ्या नवऱ्याचा मित्र. एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, मराठी मंडळाच्या कमिटीवर, गणपतीत माइक याच्याच हातात. मला वहिनी म्हणतो. मी जिंकलेल्या मॅचनंतरही, ‘वा वहिनी, छान खेळलात हं,’ असं, जणू मी त्याला पोहे करून वाढलेत.

चार वर्षांपूर्वी एका फायनलला आम्ही दोघं समोरासमोर आलो. जो जिंकेल त्याला पूर्वेकडच्या सगळ्या राज्यांच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. मी पुढे होते. घाईत एक भलताच पत्ता टेबलावर ठेवला आणि माझा चेहरा पडला. तो लगेच मराठीत म्हणाला, “अहो वहिनी, असू द्या. घ्या परत. आपल्यात कसलं फॉर्मल?” मी पत्ता उचलून हातात घेतला. त्याच क्षणी त्याने हात वर केला आणि खणखणीत आवाजात हाक मारली, “जज!”

खेळलेला पत्ता परत हातात घेतला की गेम जातो. मी जजला सांगितलं की यानेच घ्यायला सांगितलं. तो जज एक गोरा, लाल दाढीचा पोरगा होता, बिचारा सज्जन. त्याने याला विचारलं. हा खांदे उडवून म्हणाला की मी तर फक्त तिच्या नवऱ्याची चौकशी केली. मराठी समजणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. माझा गेम गेला, मॅच गेली, जागाही गेली.

केसाने गळा कापला म्हणतात ना, तो असा. पण त्याहून लागलं ते नंतरचं. गणपतीच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात, हातात कागदी ताटं घेऊन पंधरा माणसं उभी असताना, त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. “वहिनींना असं गंडवलं ना यार!” सगळे हसले. माझा नवराही हसला. घरी येताना गाडीत मी त्याला विचारलं, “तू का हसलास?” तो म्हणाला, “अगं, गेम आहे तो. किती सिरियसली घेतेस?” त्याच आठवड्यात मी जजच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

म्हटलं, आता या दुकानात मराठी समजणारा जज असेल.

जज झाल्यावर दोन वर्षं मी त्याच्यावर टपून होते. मधेच कुणाचाही डेक उचलून पत्ते तपासायचा जजला अधिकार असतो. कुणाचा उचलायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. मी टाकायचे चिठ्ठ्या, पण त्याचा नंबर जरा जास्तच वेळा निघायचा. तो हसून डेक पुढे करायचा, “घ्या वहिनी, साठच आहेत.” साठच असायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मी सही करून डेक परत द्यायचे.

मग एका ऑक्टोबरात ती आली. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून इथे मास्टर्स करत होती, तेवीस-चोवीसची. दुकानात शिरली, सगळीकडे बघितलं आणि सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, “ताई, तुम्ही मराठी ना? बरं वाटलं यार.” दोनदा बस बदलून यायची. डब्यात मेथीचे पराठे आणायची आणि एक माझ्यासाठी टेबलाच्या कडेला नॅपकिनवर ठेवायची. इंटर्नशिपसाठी सगळीकडे अर्ज करत होती आणि कुठूनच उत्तर येत नव्हतं. खेळायची मात्र अशी, की समोरच्याला आपण हरलो हे दोन चाली उशिरा कळायचं.

त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेची जागा ज्या शनिवारी ठरायची होती, त्या दिवशी ती एकही मॅच हरली नव्हती. शेवटच्या फेरीत पाच नंबरच्या टेबलावर ती आणि तो. जिंकेल तो जाणार. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. मी त्याला पकडू शकले नव्हते, पण ही पोरगी त्याला सरळ खेळून लोळवणार होती, आणि मी ते उभं राहून बघणार होते. मी जाऊन त्याच्या पाठीमागे, दोन हात अंतरावर उभी राहिले. त्याला मी दिसत नव्हते. तिला दिसत होते. ती माझ्याकडे बघून हसली.

अर्ध्या तासात तो बुडायला आला. तेव्हा त्याने बोलायला सुरुवात केली, मराठीत, अगदी मऊ आवाजात.

“इंटर्नशिपचं काय झालं गं तुझ्या?”

“कुठे सर, सगळीकडून रिजेक्ट येतंय.”

“मग मला सांगायचंस ना! रेझ्युमे पाठव. माझ्या टीममध्ये समरला ओपनिंग आहे. मी रेफर करतो तुला.”

इथवर काहीच गैर नव्हतं. आपल्या लोकांत रेफरल, म्हणजे आपल्या कंपनीत कुणाची शिफारस करणं, हे चहा विचारण्यासारखं आहे. पॉटलकमध्ये, बाळाच्या बारशाला, लिफ्टमध्ये, जो तो ज्याला त्याला रेफर करत असतो. पण त्याने पाण्याची बाटली उचलली, दोन घोट घेतले, आणि टेबलावरच्या पत्त्यांकडे बघितलं. तो पुढे काय म्हणणार हे मला तिथेच कळलं.

आमच्या खेळात एक नियम सगळ्यांत कडक आहे. मॅच सोडण्याच्या बदल्यात काहीही देऊ करायचं नाही. पैसे नाहीत, पत्ते नाहीत, नोकरी नाही, काहीच नाही. देणारा स्पर्धेबाहेर, आणि घेणाऱ्याने हो म्हटलं तर तोही बाहेर, शिवाय सहा महिने बंदी. आणि जजसाठी याच नियमाला जोडून एक ओळ आहे. अजाणतेपणी कुणी या वाटेला लागतोय असं दिसलं, तर बोलणं पूर्ण व्हायच्या आत थांबवा. खाकरलं तरी पुरतं. नव्या मुलांना मी किती वेळा थांबवलंय, “ए, तो विषय नको,” एवढं म्हणून.

मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मला त्याचं वाक्य पूर्ण व्हायला हवं होतं.

“फक्त ही मॅच सोड मला,” तो म्हणाला. “तुझं काय, तू अजून खूप वर्षं खेळशील. मंडे मॉर्निंगला रेफरल टाकतो, प्रॉमिस.”

तिने माझ्याकडे बघितलं. नीट, डोळ्यांत बघितलं. मी काही बोलले नाही. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. खरं सांगायचं तर तिचा विचारच मी केला नव्हता. माझं सगळं लक्ष त्याच्या टकलावर होतं. तिने खाली बघितलं, हातातले पत्ते उलटे ठेवले आणि म्हणाली, “ओके सर. सोडली.”

मग माझा आवाज निघाला. इंग्रजीत, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा. “मॅच थांबवा. दोघांनीही पत्त्यांना हात लावायचा नाही.”

तो वळला. त्याचा तो चेहरा मी आजही मनात काढून बघते आणि मला आजही बरं वाटतं. “वहिनी, अहो, आम्ही असंच आपलं बोलत होतो...”

“काय असंच?” मी विचारलं. दुकानाचा मालक काउंटरमागून आला. त्याला मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं, पाण्याच्या घोटासकट. हा म्हणाला, हिचा माझ्यावर जुना राग आहे. ते खरंच होतं, पण मालकाने मुलीला विचारलं आणि ती मान खाली घालून म्हणाली, “येस. ही सेड दॅट.” पंचवीस माणसांसमोर, लाल तोंडाने, तो आपले पत्ते डब्यात भरत होता. कुणी हसलं नाही याचंच मला जरा वाईट वाटलं.

नियमाप्रमाणे दोघंही स्पर्धेबाहेर गेली. असं झालं की तिघांनी आपापला जबाब लिहायचा असतो, दोन्ही खेळाडूंनी आणि जजने. त्याने चार ओळी खरडल्या आणि दार आपटून गेला. ती दहा मिनिटं लिहीत होती. माझ्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता. प्रकार आधी थांबवता आला असता का, आणि तुम्ही कधी हस्तक्षेप केलात?

मालक माझ्या शेजारी बसला होता. तो सहज म्हणाला, “मुलगी नवी आहे. आधी अडवायला वाव होता असं तू लिहिलंस, तर तिची बंदी वरचे लोक उठवतील. कदाचित मॅचही पुन्हा खेळवतील.” मला हे माहीत होतं. मॅच पुन्हा झाली तर तोही परत येईल, हेही माहीत होतं. आणि माझा जजचा बिल्ला जाईल.

मी लिहिलं, ऐकताक्षणी हस्तक्षेप केला. आधी थांबवणं शक्य नव्हतं.

जजचा जबाब खेळाडूला दाखवून त्यावर सही घ्यावी लागते. मी तिच्यासमोर कागद ठेवला. तिने तो वाचला. मग त्या शेवटच्या ओळीवर परत गेली आणि ती पुन्हा वाचली. मी काय उत्तर द्यायचं ते ठरवून बसले होते. तिने एवढंच विचारलं, “ताई, हे कुठे रेकॉर्डवर जातं का? म्हणजे व्हिसाला वगैरे काही प्रॉब्लेम?”

“नाही गं,” मी म्हणाले. “हे फक्त खेळापुरतं.”

तिचे खांदे खाली आले. डोळे पुसून तिने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“थँक यू ताई,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून. मला वाटलं, काही चुकीचं असतं तर तुम्ही बोलला असतात.”

मी कागदांना पिन मारली आणि त्याच संध्याकाळी ते पाठवून दिले.