डावखुऱ्या रायफलीवरची पाच बोटं

हीथ्रोहून लेस्टरला जाणारी कोच (लांब पल्ल्याची बस) निघाली तेव्हा दुपारचे तीनच वाजले होते, पण बाहेर दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. आमच्या कोल्हापुरात पाऊस येतो तो वाजतगाजत. इथला नको असलेल्या पाहुण्यासारखा दारात उभाच. आठ महिन्यांपूर्वी माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गेला. तेव्हा व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून मी आत्ता निघालो होतो, भेटायला उशीर झालेल्या माणसाला भेटायला.

दादा आणि मी दोघेही कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, कारखान्यांच्या वस्तीत लेथवर वाढलेले. तो लेस्टरला होजिअरीच्या मशिनी बनवणाऱ्या कारखान्यात टूलमेकर (साचे आणि हत्यारं घडवणारा कारागीर) म्हणून आला आणि इथलाच झाला. कारखाना बंद पडला तसा तो नेमबाजीच्या क्लबात जायला लागला. आता त्याची रायफल त्याच्या मुलीला, गार्गीला, हवी होती. तिनं परवान्यासाठी अर्ज केला होता आणि पोलिसांचा परवाना अधिकारी पुढच्या आठवड्यात घर बघायला येणार होता. तोवर रायफल गावाबाहेरच्या बंदूक-कारागिराच्या तिजोरीत होती.

बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत घर. वहिनींनी दार उघडलं, "या भाऊजी" म्हणाल्या आणि तशाच आत गेल्या. दोन शब्द बोलल्या असत्या तर रडू फुटलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. रात्री तांबडा रस्सा केला होता. रस्सा झकास, पण तिघांच्या ताटांत मिळून एकाच माणसाची भूक होती. वरच्या खोलीत भिंतीला पक्कं ठोकलेलं रायफलीचं लोखंडी कपाट रिकामं होतं. गार्गीनं ते उघडून दाखवलं आणि तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "काका, याचा किल्ली फक्त बाबालाच माहिती होता. रूलच आहे तसा, लायसन्सवाल्याशिवाय कोणाकडे नाही. दुसरा त्याने हरवला होता."

मी मान डोलवली. वहिनी खाली भांडी घासत होत्या.

दोन दिवसांनी गार्गी मला कारागिराकडे घेऊन गेली. बसचा स्टॉप चुकला, मग चिखलातून मैलभर चाल. माझी नवी छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली ती कायमचीच. कारागिराचं नाव ॲलन, सत्तरीचा, उंच, बोलायला कंजूष. जुन्या गोठ्यात त्याचं वर्कशॉप. आत शिरल्याबरोबर लेथवर लोखंड कापताना सोडतात त्या कूलंटचा ओळखीचा वास आला आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

त्यानं तिजोरीतून रायफल काढली, गोळी आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, वेगळा केला आणि रिसीव्हर (रायफलीचा मधला पोलादी सांगाडा, ज्यात पुढून नळी आट्यांवर बसते आणि मागून बोल्ट सरकतो) माझ्यापुढे ठेवला. मी बंदुकीतला माणूस नव्हे, पण लोखंड मला कळतं. हे अख्ख्या एका दांड्यातून कोरून काढलेलं काम होतं. कुठे जोड नाही, डाग नाही, कडा अशा की बोट फिरवत राहावं.

"पूर्वी आमचे नेमबाज लष्कराच्या जुन्या रायफलींचे रिसीव्हर घेऊन तासायचे, ठाकठीक करायचे," ॲलन म्हणाला. "युद्धात चिखलातही चालावेत म्हणून ते मुद्दाम सैल केलेले. लांबच्या कागदी निशाणावर मारायला सैल चालत नाही. मग काही हट्टी लोक स्वतःचेच घडवायला लागले. तुझा भाऊ त्यांच्यातला."

घडवायचा परवाना ॲलनचा, मशीन ॲलनची, पण दोन हिवाळे ड्रॉइंगवर डोकं घातलं ते दादानं. साधारण रिसीव्हरला खालून गोळ्यांच्या पेटीसाठी भोक असतं. इथे ते ठेवलंच नव्हतं. एका वेळी एकच गोळी, त्यामुळे पोट बंद आणि सांगाडा ताठ. खालची बाजू सपाट, लाकडात हलायला जागा नाही. ॲलननं रायफल परत जोडून दिली. बोल्ट मी मागे ओढला, पुढे ढकलला आणि दाराची कडी पाडावी तसा खाली दाबला. तो इतका अलगद बसला की मी पुन्हा उघडून पुन्हा बसवला. इतकी नेमकी मापं आम्हा दोघांना वडिलांनी शिकवली होती.

आणि सगळं उलट्या बाजूला. बोल्टची मूठ डावीकडे, गोळी ठेवायची खिडकी उजवीकडे. दादा डावखुरा. लहानपणी ताटाकडे डावा हात गेला की वडिलांची चापट बसायची. गार्गीही डावखुरी. तिनं रायफल खांद्याला लावली आणि तिचा डावा हात न बघता मुठीवर गेला. बाजारात असली मिळते, पण ही तिच्या बापानं हातानं आखलेली होती.

"हे मात्र मला कधी कळलं नाही," म्हणत ॲलननं दिवा जवळ ओढला. रिसीव्हरच्या पाठीवर गंजाचे पाच बारीक, ओळीत आलेले डाग होते. "इतका काळजी घेणारा माणूस, आणि हे."

मला मात्र बघताक्षणी कळलं. ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं होती ती. फार वर्षांपूर्वी फोनवर मीच वहिनींना म्हणालो होतो, "खंडेनवमीला घरातलं लोखंड पूजेवाचून ठेवू नये. दादाला नसेल कळत, तुम्हाला कळतं ना?" म्हणजे वहिनींनी कपाट उघडलं होतं. म्हणजे किल्ली त्यांच्याकडे होती. गार्गी शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "इथली हवाच दमट," आणि विषय संपवला. माझी अब्रू आणि वहिनींची अब्रू, दोन्ही झाकली असं मला वाटलं.

अधिकारी आला तो नेमका खंडेनवमीला. सभ्य माणूस, बूट दारात काढणारा. त्यानं कपाट हलवून पाहिलं, वहीत लिहिलं आणि गार्गीला विचारलं, "वडील असताना किल्ली कुठे असते हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"ओन्ली डॅड," गार्गी म्हणाली. "एकच किल्ली आहे. दुसरी हरवली."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, मुलीची अडचण झाली. ट्रे ठेवून त्या देव्हाऱ्याकडे गेल्या, गणपतीच्या मागून दुसरी किल्ली काढून आणली आणि अभिमानानं त्याच्यापुढे धरली. तिला सकाळचंच ताजं कुंकू लागलेलं होतं. "नॉट लॉस्ट," त्या म्हणाल्या. "एव्हरी इयर पूजा. व्हेरी सेफ, विथ गॉड."

गार्गीचा चेहरा पांढरा पडला. अधिकारी हळू आवाजात तिला म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण जे पाहिलं ते मला लिहावं लागेल."

तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, "माझं काय चुकलं, भाऊजी?" मी चहाचा कप बघत बसलो. "मी सांगितलं म्हणून तुम्ही केलंत," हे पाच शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वाघासारखा माणूस म्हणून उद्यमनगरात माझी ख्याती आहे.

दोन आठवड्यांत नकाराचं पत्र आलं. पुन्हा कधी विचार होईल, याचा शब्द त्यात नव्हता. गार्गीनं ते फ्रिजवर लावलं आणि कामाला गेली. रविवारी आम्ही पुन्हा त्या गोठ्यात. स्कॉटलंडमधला कुणी डावखुरा नेमबाज रायफल घ्यायला तयार होता. ॲलननं विचारलं, "पाठवण्याआधी ते डाग काढू का? पॉलिश केलं की जातील."

"नको," गार्गी म्हणाली.

ॲलननं मान हलवली. "तुझे बाबाही हेच म्हणायचे. दर ऑक्टोबरात डाग नवे होऊन यायचे. मी म्हणायचो, काढतो. ते म्हणायचे, राहू दे, घरचे आहेत."

म्हणजे दादाला सगळं ठाऊक होतं. किल्ली हरवली, असं तो का सांगत आला तेही मला तिथे उमगलं. त्यानं बायकोची पूजा मोडली नव्हती आणि मुलीला त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. आम्ही दोघे भाऊ, दोघांनीही तेच झाकलं, आणि जे जायचं ते गार्गीचं गेलं.

परतीच्या दिवशी कोच स्टेशनवर मी तिला सगळं सांगितलं. फोनवरचं बोलणं, डाग ओळखल्याचं, गप्प बसल्याचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी बोलला असता, तर मी लॉक चेंज केला असता. आणि ऑफिसरला खरं सांगितला असता. एवढाच होता." तिनं मला मिठी मारली, पण घाईची. कोच निघाली तेव्हा ती वळून चालायलाही लागली होती.

कोल्हापूरला पोचलो तर आमचं वर्कशॉप कुलूपबंदच होतं. मी नव्हतो म्हणून कामगारांनीच दसरा उरकून कुलूप लावलं होतं. वडिलांच्या लेथवर झेंडूची माळ सुकून लटकत होती आणि पत्र्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती. खाली बारीक गंज धरायला लागला होता. मी तेलाची चिंधी घेतली, सगळी मशीन पुसली, आणि त्या पाच बोटांपाशी येऊन थांबलो. मग चिंधी ठेवून दिली आणि गार्गीला फोन लावला. तिनं उचलला नाही.