सावंत मॅडमचं गुलाबी कार्ड

एक्स-रे खात्यात माणूस दोन सेकंद श्वास रोखतो, आणि सोडला की दहा मिनिटं बोलतो. किस्से साचणारच! नव्वदच्या दशकात वाशीच्या एका हॉस्पिटलात मी टेक्निशियन होते, तेव्हाचे हे.

आमच्या हेड सावंत मॅडम. त्यांनी प्रत्येक पेशंटला एक गुलाबी कार्ड द्यायला सुरुवात केली. कधी, कुठला, कितवा फोटो, सगळं त्यावर. एक डॉक्टर हसले, "मॅडम, हे काय रेशनकार्ड आहे?"

"हो सर. किरणसुद्धा रेशननेच द्यायचे!"

*

तुर्भ्याच्या मार्केटातले एक साताऱ्याचे हमाल कंबरेचा फोटो काढायला आले. कार्ड बघून मी म्हटलं, "काका, मागच्याच आठवड्यात काढलाय की!"

"तवा लई दुखत हुतं. आता चांगला यील!"

*

कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या एका आजींनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलं. "बाय, दोन रकाने रिकामे हायेत. टाक भरून!"

*

एकदा माझ्या घाईने एका पेशंटचा फोटो हलला, दुसरा काढावा लागला. मॅडमनी तोही कार्डावर चढवला, लाल शाईने, पुढे माझी सही! मी रडकुंडीला आले.

"चूक तुझी, पण किरण पेशंटच्या अंगात गेले ना?"

त्यानंतर वर्षभर माझ्या नावाने लाल शाई लागली नाही. आजही मी हे कॉलर ताठ करून सांगते.

*

जुईनगरची सहा वर्षांची मुलगी. खोकला जाईना. मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला. कार्डावर दोन महिन्यांत चार! मॅडमनी पाचवा काढायला नकार दिला.

डॉक्टर तणतणत खाली आले. "तुम्ही कोण ठरवणार?"

मॅडमनी आईच्या पिशवीतले चारही फोटो दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. आतापर्यंत प्रत्येक डॉक्टरने एकेकच पाहिला होता.

"सर, चारही वेळा उजवी बाजू जास्त काळी आहे. आत हवा अडकतेय का?"

डॉक्टर पेटीवर वाकले. मग आईकडे वळले, "हिने काही गिळलं होतं?"

आईला आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत चिंचोक्यांनी खेळताना पोरीला जोराचा ठसका लागला होता.

दुसऱ्या दिवशी श्वासनळीत दुर्बीण घातली. संध्याकाळी डॉक्टर स्वतः आमच्या खात्यात आले आणि टेबलावर एक छोटी बाटली ठेवली. आत चिंचोका!

"मॅडम, पाचव्या फोटोत दिसला असता का हा?"

"चिंचोका एक्स-रेत उमटतच नाही, सर. पन्नासाव्यातही दिसला नसता!"