मी कमी केलेले दोन डबे

रिकाम्या डब्यात मोगऱ्याचा वास दरवळत असे, आणि त्या वासात पाय पसरून बसल्या बसल्या मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख सल्ला दिला.

वसईच्या फलाटावर कोवळ्या उन्हात ती छोटी गाडी दिवा स्टेशनच्या दिशेला परतण्यासाठी उभी असायची. डब्यात पाऊल टाकलं की अंगावर येई तो शीतल, ओलसर, किंचित गोडसर परिमळ! बाकांवर ओल्या फडक्यांचे गोल ठसे, पायाखाली दोन-चार पानं आणि एखादी निसटलेली टपोरी कळी. मी ती कळी उचलायची, पदरानं पुसायची आणि केसांत खोचायची. शाळेत पोचेपर्यंत ती उमलू लागलेली असे. मुलींना वाटे, बाई रोज घरून फूल माळून येतात. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. वर्गात मात्र मी विज्ञान शिकवत होते, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘निरीक्षण’ असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढत होते. वास कुठून येतो, ठसे कशाचे, कळी कुणाची, असा प्रश्न त्या विदुषीला एकदाही पडला नाही!

तेव्हा मी चाळिशीच्या घरात होते. चाळिशीतल्या शिक्षिकेला सगळं ठाऊक असतं. पुढे निवृत्त झाल्यावर ते हळूहळू विसरायला होतं आणि माणूस जरा शहाणा होतो. भाईंदरहून खाडी ओलांडून वसईला यायचं आणि तिथून ही गाडी धरून आत, कामणच्या बाजूला असलेल्या माझ्या शाळेत जायचं, हा माझा नित्यक्रम. जेसल पार्कातले आमचे सगळे शेजारी मुंबईच्या दिशेनं लोटत असताना मी एकटी उलट दिशेला, ऐसपैस जागेत, वाऱ्यावर वह्या तपासत जात असे. त्या ऐश्वर्याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! जणू ती गाडी खास माझ्यासाठी सोडली जात होती.

एके सकाळी हातात वही घेतलेले एक गृहस्थ डब्यात आले. ते माणसं मोजत होते. मोजण्याचे फारसे श्रम पडले नाहीत, कारण आम्ही होतो पाच जण आणि त्यांतला एक झोपलेला. त्यांनी अदबीनं विचारलं, रोज असंच असतं का. साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं तर ती मी कसली! मी चष्मा नाकावर घेऊन सांगितलं की अहो, हे एवढे डबे उगाच कशाला ओढत नेता, दोन काढून घ्या आणि जिथं माणसं चेंगरतायत तिथं लावा. ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दोनेक महिन्यांनी गाडीला खरोखरच दोन डबे कमी दिसले. ते का गेले, कुठे गेले, मला आजही ठाऊक नाही. दुरुस्तीला गेले असतील, दुसरीकडे कुठे निकड असेल. पण त्या दिवशी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी ती वार्ता शिक्षकांच्या खोलीत सांगितली, सोसायटीच्या जिन्यात सांगितली, भाजीवाल्या भैयाला हिंदीत सांगितली. आमच्या ह्यांना सांगितली तेव्हा ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले की इंजिनही काढून टाका म्हणाली नाहीस, हे गाडीचं नशीब.

आता या वयात मला वाटतं, की रिकामेपण बघायला डोळे पुरतात, पण ते कशानं रिकामं झालं हे बघायला थोडं थांबावं लागतं. आमच्या भाईंदरला पूर्वी दूरवर मिठागरं होती. उन्हात शुभ्र राशी लखलखत, आणि नव्यानं राहायला आलेली माझ्यासारखी बाई त्या बघून म्हणे, किती कोरडं रखरखीत आहे हे! खारी गावातली एक म्हातारी, जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं होतं, तिनं मला एकदा समजावलं होतं की बाय, समुद्र येऊन गेला म्हणून तर हे आहे. मी मान डोलावली आणि वाक्य आवडलं म्हणून डायरीत लिहून ठेवलं. त्याचा उपयोग करायचं मात्र सुचलं नाही. सुंदर वाक्यं डायरीत ठेवण्याची ही खोड फार वाईट! तिथं ती सुरक्षित राहतात आणि आपण तसेच राहतो.

पुढे वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, वसईत प्रश्नपत्रिका ताब्यात घ्यायच्या म्हणून, मला नेहमीपेक्षा तासभर आधी निघावं लागलं. वसईच्या फलाटावर पोचले तर माझी गाडी दिव्याकडून नुकतीच येत होती. आणि काय सांगू तुम्हाला! दारं नव्हतीच, होती ती माणसांची भिंत. गाडी थांबली आणि त्या भिंतीतून बायका, गठले, पुन्हा बायका, पुन्हा गठले असा प्रवाह फलाटावर कोसळला. ओल्या फडक्यांत बांधलेले मोगऱ्याच्या कळ्यांचे गठले. सगळा फलाट त्या वासानं भरून गेला. पंधरा मिनिटांत सगळ्या फूलबाजाराकडे नाहीशा झाल्या आणि मागे उरली माझी ऐसपैस, सुगंधी, रिकामी गाडी. तेच डबे! भरून येत होते म्हणून रिकामे परतत होते. वहीवाल्या गृहस्थांनी मला विचारलं होतं ते परतीच्या वाटेवर, आणि मी दोन्ही वाटांचा निकाल देऊन मोकळी झाले होते.

त्या गर्दीतल्या एका बाईनं मला ओळखलं. गोमतीबाय तिचं नाव. आमच्या शाळेच्या कुंपणाला लागूनच तिची मोगऱ्याची वाडी, आणि तिच्या विहिरीचं पाणी आम्ही शिक्षक प्यायचो. चुरगळलेला गठला सावरत तिनं मलाच विचारलं की तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला ठाऊक असेल, आमचे डबे कुठे गेले? मी म्हणाले, चौकशी करते. बस्स, एवढंच! मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचा सल्ला तेवढा गाळला. चौकशी मी केली हं. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, सुवाच्य अक्षरांत स्मरणपत्रं पाठवली. सुचवलं तेव्हा तोंडी चाललं होतं, परत मागताना मात्र तीन प्रतींत लागत होतं. उत्तर दर वेळी सारखंच: डबे उपलब्ध नाहीत. मी निवृत्त झाले तरी तेच होतं.

आणि आज? त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना वसाहती उठल्या आहेत, भिवंडीच्या अंगाला गोदामांची रांग लागली आहे, आणि ज्यांना पूर्वी कामासाठी मुंबई गाठावी लागे त्यांना आता काम या आडव्या मार्गावरच मिळतं. माझी नातही अशाच एका गोदामाच्या कचेरीत नोकरीला लागली आहे. मी पाय पसरून जायची त्याच गाडीत, त्याच दिशेला, ती एका पायावर उभी राहून जाते. माणसं दोन्ही वाटांनी वाढली आणि डबे तेवढेच राहिले. तसं यात आश्चर्य काय? माणूस वाढायला कारखाना लागत नाही, डब्याला लागतो. नात संध्याकाळी दमून येते आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणते, आजी, तुझी कुणाशी ओळख असेल तर परत एकदा सल्ला दे ना.

थट्टा चालली होती तोवर ठीक होतं. या चैत्रात सविताचा फोन आला. सविता माझी विद्यार्थिनी, आणि आता गोमतीबायची सून. सासूबाईंनी ठरवलंय, ती सांगत होती, यंदाचा बहर संपला की मोगरा उपटायचा आणि वाडी ट्रक उभे करायला देऊन टाकायची. गठले गाडीत चढतच नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी, आणि मंगळवारी तर हमखास, गाडी त्यांना फलाटावर सोडून निघून जाते, आणि मोगरा काही पुढच्या गाडीची वाट बघत नाही. ऊन चढलं की गठल्यातल्या गठल्यात कळ्या उमलतात. आणि उमललेला मोगरा देवाला चालतो, गजरेवाल्याला चालत नाही. सासूबाई रडत-बिडत नाहीत, ती म्हणाली, नुसत्या वाडीत जाऊन बसतात.

त्या रात्री मला काही जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं तर पित्त झालं म्हणून सांगितलं. इतकी वर्षं जे सांगितलं नाही ते आता सांगून टाकायचं, मोगरा उपटण्याआधी सांगायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी त्यांच्याकडे गेले. गोमतीबायनं चार शिव्या घातल्या तरी चालेल, पण आपली वाडी कुणामुळे जातेय हे तिला कळायला नको?

रात्री मुक्काम तिथंच केला, पण सांगायचं धाडस झालं नाही. पहाटे उजाडायच्या आधी वाडीत गेलो. गोमतीबाय आता सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. पण अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून तिला कळत होतं, आजची कळी कुठली आणि उद्याची कुठली. मी बॅटरीच्या उजेडात खुडलेल्या कळ्यांपैकी निम्म्या तिनं हसत बाजूला काढल्या आणि खडू धरायची बोटं ही, असं म्हणून सुनेकडे बघितलं. तीन गठले बांधून आम्ही तिघी फलाटावर आलो. पाणी मारलेल्या गठल्यांतून टपटप चालली होती.

गाडीत शिरलो कसे ते विचारू नका. पण शिरल्यावर मला एक रीत कळली. या गाडीत ज्या बाईला बसायला मिळतं तिनं उभ्या बाईचा गठला मांडीवर घ्यायचा. न बोलता, न विचारता. पूर्वी सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, सगळ्यांचे गठले ओले, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे. आता बसलेल्या बहुतेक मुली कचेऱ्यांत, दुकानांत, गोदामांत निघालेल्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. ओला गठला मांडीवर घेऊन त्यांनी कामावर कसं जावं? गोमतीबायचा त्यांच्यावर राग नव्हता. लेकी हायत त्या, एवढंच ती म्हणाली. म्हणजे बघा, टंचाई डब्यांची खरीच. पण तिचा मोगरा अडला होता तो मांड्यांवाचून.

माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून एका मुलीनं जागा दिली. लगेच दोन गठले माझ्या मांडीवर आले, थेट हनुवटीपर्यंत. समोर गोमतीबाय कडीला लटकलेली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी त्या गठल्यांच्या आडूनच बोलायला सुरुवात केली. वहीवाले गृहस्थ सांगितले, पाच प्रवासी सांगितले, चष्मा सांगितला, दोन डबे सांगितले. पदरानं पुसून माळलेली कळीसुद्धा सांगितली, कारण तीही तिचीच असणार. सविता खिडकीबाहेर बघू लागली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. आजूबाजूच्या चार-पाच जणी कान टवकारून ऐकत होत्या. गोमतीबायनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मास्तरीणबाय, तुमच्या येका बोलन्यानं दोन डबं जातान, त आमच्या येवऱ्या वरसांच्या बोंबलन्यानं येक तरी आला असता का न्हाय? गप बसा न् तो गठला जरा वर धरा. कल्या दबतान माझ्या.”

डबाभर हशा पिकला. माझा इतक्या वर्षांचा जपून ठेवलेला अपराध तिनं अशा सहजपणे काढून घेतला, की क्षणभर मला चक्क वाईट वाटलं! अपराधातही केवढा मोठेपणा भोगत होते मी! दोन डबे हलवणारी बाई म्हणून पंचवीस वर्षं स्वतःला मिरवत होते, भले मनातल्या मनात का होईना. वहीवाल्या गृहस्थांनी मला निदान विचारलं तरी होतं. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा मी तोंड मिटलं आणि गठला वर धरला. वसई येईपर्यंत हात भरून आले, पण एक कळी दबू दिली नाही.

फलाटावर उतरले तेव्हा माझं लुगडं कमरेपासून गुडघ्यापर्यंत चिंब झालेलं. तिन्ही गठले मात्र जसेच्या तसे होते. सवितानं एक डोक्यावर घेतला, दुसरा काखेला मारला आणि ती बाजाराकडे धावली. तिसरा गोमतीबायनं उचलला, फडक्याची गाठ सोडून आत हात घातला आणि कळ्या चाचपल्या, पहाटे झाडावरच्या चाचपल्या तशाच. मी पदर पिळत उभी होते. धीर करून विचारलं, की मग मोगरा कधी उपटणार? तिनं गाठ पुन्हा आवळली, गठला डोक्यावर चढवला, माझ्या ओल्या लुगड्याकडे एकवार बघितलं आणि म्हणाली:

“मंगलवारी पन या. मोगरा र्‍हाऊ दे आजून येक वरीस. डबा न्हाय वाढला त न्हाय, येक मांडी त वाढली.”